नकाशावर नसलेली कव

वैतरणेच्या मुखापासून उत्तरेकडे दातिवरे, कोरे, एडवण, मथाणे, उसरणी, केळवे, माहीम, सातपाटी आणि पुढे तारापूर, वाढवण, डहाणू असा आपला किनारा जातो. या किनाऱ्यासमोरचा समुद्र दोन ठिकाणी नोंदलेला आहे. एक नोंद देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशांत आहे: किती मीटर पाणी, तळ रेतीचा की चिखलाचा, खडक कुठे, दीपगृह कुठे. दुसरी नोंद बोटी चालवणाऱ्या तांडेलांकडे आहे: कोणाची कव, म्हणजे जाळे बांधायची जागा, कुठे, कोणत्या महिन्यात कुठल्या पाण्यात बोंबील चढतो, उधाणाच्या ओढीला जाळे कुठे टिकते. पहिल्या नोंदीवरून बंदरे आखली जातात. दुसरीवर घरे चालतात आणि ती कुठल्याही सरकारी कागदावर नाही.

हा पेच मांडण्यासाठी मी दोन माणसे कल्पिली आहेत. मामा नौदलाच्या सर्वेक्षण शाखेतून निवृत्त होऊन सफाळ्यात राहिलेले, आणि त्यांची एडवणच्या बाजूची भाची, मच्छीमार सहकारी संस्थेचे कागद सांभाळणारी. माणसे कल्पित असली तरी त्यांचे म्हणणे कल्पित नाही. भाचीने संस्थेच्या सभासदांच्या कवींची यादी करून आणली आहे. तिथून बोलणे सुरू होते.

मामा : यादी चांगली केली आहेस. पण अक्षांश-रेखांश एकाही कवीला नाहीत. कुठे डोंगराचं नाव, कुठे देवळाचा कळस, कुठे नुसतंच ‘आजोबांची जागा’. सरकारी टेबलावर हे कोण वाचणार?

भाची : आकडे आहेत मामा. प्रत्येक तांडेलाच्या जीपीएसमध्ये आहेत. मीच यादीत लिहिले नाहीत.

मामा : का?

भाची : एकदा लिहिले की ते आमचे राहत नाहीत, म्हणून.

मामा : अगं, आयुष्यभर मी हेच काम केलं. समुद्रात जे आहे ते कागदावर आणलं. कागदावर असलं की ते सगळ्यांचं होतं, आणि समुद्रात सगळ्यांचं असण्यातच माणसाचा जीव वाचतो. ह्या डोंगराच्या खुणांचंच घे. तांदुळवाडीचा डोंगर अमक्या देवळाच्या सरळ रेषेत आला, आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या दोन खुणा एकमेकींवर आल्या, की दोन रेघा कापतात तिथे तुमची कव. बरोबर ना? उपग्रह येण्याआधी आम्हीही तेच करत होतो. किनाऱ्यावरच्या तीन खुणा घ्यायच्या, सेक्स्टंटने त्यांच्यातले दोन कोन मोजायचे, की होडी कुठे आहे ते कागदावर ठरतं. तुझ्या आजोबांचं आणि माझं शास्त्र एकच होतं.

भाची : शास्त्र एकच होतं, हे मला मान्य. मग तुमची रेघ नकाशावर आली, आजोबांची का नाही आली?

प्रश्न साधा आहे, पण उत्तर जुने आहे. आपल्या किनाऱ्यापुरते तरी ते 1538 पर्यंत मागे जाते. त्या वर्षी दों जुआंव द कास्त्रु हा पोर्तुगीज गोव्याहून दीवकडे निघाला आणि वाटेतल्या किनाऱ्याचे वर्णन लिहीत गेला. बंदरे, खाड्या, पाण्याची खोली, होकायंत्राचे विचलन, सगळे. वसईजवळ डिसेंबर 1538 मध्ये त्याच्या लक्षात आले की काही खडकांजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. आपल्या काळ्या पाषाणात लोह आहे, त्याचा हा परिणाम. जगातल्या अशा पहिल्या नोंदींपैकी ही एक, आणि ती आपल्या वैतरणेच्या पलीकडच्या काठावरची.

मामा : बघ, कास्त्रुचं नाव निघालंच आहे तर सांगतो. तो सरदार घराण्यातला, पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला. पण त्याने ऐकीव गोष्टींवर भिस्त ठेवली नाही. सुई वळली तर का वळली, ते शोधलं. नकाशा करणारा माणूस हा असा असावा लागतो. त्याला खोटं चालत नाही. खोली तीन वाव असताना पाच लिहिली, तर पुढच्या ओहोटीला कुणाचं तरी गलबत फुटतं.

भाची : आणि कास्त्रुला खाडीचं मुख कुठे, रेतीचा दांडा कुठे, हे कोणी दाखवलं असेल? पोर्तुगालमधून आलेल्या माणसाला वैतरणेच्या मुखातला दांडा आपोआप कळत नाही. तो दांडा तर दर पावसाळ्यात सरकतो. इथल्याच कोणीतरी पुढे उभं राहून वाट दाखवली असणार.

मामा : वाटाडे सगळ्यांनी घेतले. त्यात कमीपणा काय?

भाची : कमीपणा घेण्यात नाही. पुस्तकात त्यांचं नाव नसण्यात आहे. आणि पुस्तक कशासाठी लिहिलं? 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना मिळाली. ती राखायची, तर आरमाराला किनारा माहीत हवा. पुढे इंग्रजांनी तेच केलं. जॉन मॅक्लूअरने 1787 पासून मुंबईसमोरचा समुद्र आणि पश्चिम किनारा मोजायला घेतला. तेव्हा आपला किनारा कोणाकडे होता?

मामा : पेशव्यांकडे. 1739 पासून.

भाची : म्हणजे राज्य पेशव्यांचं आणि खोलीचे आकडे ईस्ट इंडिया कंपनीकडे. आणखी तीस वर्षांनी राज्यही कंपनीकडे गेलं.

मामांनी यावर लगेच उत्तर दिले नसते असे मला वाटते. सर्वेक्षणाचे काम केलेल्या माणसाला हा आरोप लागतो, कारण त्याला स्वतःच्या कामातला प्रामाणिकपणा माहीत असतो. मॅक्लूअरने शिशाचा गोळा दोरीला बांधून पाण्यात सोडला तेव्हा तो राज्य घेत नव्हता, तळ शोधत होता. गोळ्याच्या बुडाला चरबी लावत, म्हणजे तळाची रेती किंवा चिखल तिला चिकटून वर येई. अशा हजारो नोंदींतून एक नकाशा होतो. लंडनमध्ये अलेक्झांडर डॅलरिंपलने मॅक्लूअरचे नकाशे कोरून छापले. त्यावर विसंबून मुंबईला येणारे खलाशी सुखरूप पोहोचले. हे सगळे खरे आहे, आणि भाचीचे म्हणणेही खरे आहे. म्हणून मामांना दूर जावे लागले, इतके दूर की जिथे लुटायला मसाले नव्हते, कापूस नव्हता आणि माणसाने केवळ रेघ पुरी करण्यासाठी जीव दिला.

मामा : तुला रशियाच्या उत्तरेची गोष्ट सांगतो. 1733 ते 1743 ही दहा वर्षं. इकडे चिमाजीअप्पांची मोहीम चालू होती. जानेवारी 1739 मध्ये तारापूरच्या किल्ल्यावर बाजी भिवराव पडले, माहीम-केळवे घेतले गेले. त्याच दशकात रशियाच्या नौदल खात्याने युरोपच्या टोकापासून पॅसिफिकपर्यंतचा सगळा उत्तर किनारा मोजायचं ठरवलं. व्हिटस बेरिंग त्याचा प्रमुख. किनाऱ्याचे तुकडे केले आणि एकेका तुकडीला एकेक दिला. वर्षात जेमतेम दोन महिने पाणी मोकळं. बाकी बर्फ.

भाची : दोन महिने? आमची पावसाळ्यातली बंदी दोन महिन्यांची, जून आणि जुलै. त्यांचा समुद्र उरलेले दहा महिने बंद.

मामा : हो. लेना नदीच्या पूर्वेला लासिनियस नावाचा अधिकारी निघाला, 1735 मध्ये. हिवाळा गाठला, मुक्काम पडला आणि स्कर्व्हीने तो आणि त्याचे बहुतेक सगळे लोक मेले. ताजी भाजी नाही, लिंबू नाही. हिरड्या सडतात, जुन्या जखमा उघडतात. पश्चिमेला प्रोंचिश्चेव गेला. बरोबर बायको, तात्याना. उत्तरेच्या बर्फात मोहिमेवर गेलेली ती पहिली नोंदलेली स्त्री. 1736 च्या उन्हाळ्यात त्यांचं जहाज सुमारे 77 अंश उत्तरेपर्यंत गेलं, बर्फाने अडवलं, परतीच्या वाटेवर प्रोंचिश्चेव मेला आणि दोन आठवड्यांत तात्यानाही गेली. ओलेन्योक नदीच्या मुखाशी दोघांची कबर आहे. तिथे 1999 मध्ये तज्ज्ञांनी ती उघडून पाहिली, तेव्हा कळलं की त्याचा पाय मोडला होता आणि त्यातूनच मृत्यू झाला. अडीचशे वर्षं लोक स्कर्व्ही समजत होते.

भाची : आणि काम?

मामा : काम थांबलं नाही. खारितोन लाप्तेव आला, तेच जहाज घेऊन 1739 मध्ये पुन्हा निघाला. 1740 मध्ये बर्फाने जहाज चिरडलं. मग त्यांनी कुत्र्यांच्या घसरगाड्या घेतल्या आणि किनारा जमिनीवरून मोजला. प्रोंचिश्चेवच्या जहाजावरचा दिशादर्शक, सेम्योन चेल्युस्किन, पहिल्यापासून शेवटपर्यंत होता. मे 1742 मध्ये तो आशियाच्या सगळ्यात उत्तरेच्या टोकावर पोहोचला. 77 अंश 43 मिनिटं. तिथे खूण म्हणून काय लावलं माहीत आहे? एक ओंडका. तो बरोबर वाहून आणलेला होता, कारण तिथे झाड नाही. खुणेशिवाय मोजणी होत नाही ना. मग तो परत फिरला, नोंदवहीत दगडी कडा, उंची मध्यम, असं लिहून. पुढे लोकांनी शंकाही घेतली, की हा खरंच तिथवर गेला का. शंभर वर्षांनी त्या टोकाला त्याचं नाव मिळालं, आणि पहिलं जहाज त्या टोकापर्यंत 1878 मध्ये गेलं, नोर्डेनशेल्डचं. सव्वाशेहून अधिक वर्षं त्या रेघेचा कोणालाही उपयोग नव्हता. तरी तो गेला. यात राज्य कुठे आहे, सांग मला.

मामांचे हे बोलणे माझ्याही मनाला भिडते. ज्या किनाऱ्यावर कोणी जहाज नेणार नाही, तोही अचूक काढायचा, या हट्टात मोठेपणा आहे. इतक्या उत्तरेला होकायंत्राची सुई भरवशाची नव्हती. रेखांश मोजायला घड्याळ नव्हते. किती चाललो आणि कोणत्या दिशेला, एवढ्यावर हिशेब. उन्हाने चकाकणाऱ्या बर्फामुळे माणसे आंधळी होत. अशा स्थितीत काढलेला किनारा आजच्या नकाशाशी ओळखू येण्याइतका जुळतो, ही मानवी कष्टांतली फार मोठी गोष्ट आहे. पण भाचीने वाचन केले आहे आणि ती गप्प बसणारी नाही.

भाची : चेल्युस्किनला मी नमस्कार करते मामा. मनापासून. पण ते कुत्रे कोणाचे होते? घसरगाड्या कोणी हाकल्या? नदीमुखापर्यंत पीठ, दोर, लोखंड कोणी वाहिलं? याकुत लोकांचे घोडे, एवेंकी लोकांची रेनडिअर. बेरिंगच्या मोहिमेचं सगळं ओझं सायबेरियाच्या त्या माणसांवर पडलं. आणि मोहिमेच्या आधीपासून तिथे काय चाललं होतं? यासाक. केसाळ कातड्यांचा कर. रशियाचे कोसॅक सैनिक नदी-नदीने जात होते ते नकाशासाठी नाही, सेबलच्या कातड्यासाठी. कुठली टोळी कुठे राहते हे नोंदलं की कर बसला.

मामा : ते खरं आहे.

भाची : आणि ज्याने सगळ्यात मोठी गोष्ट केली त्याचं काय झालं? सेम्योन देझनेव. 1648 मध्ये कोच नावाच्या साध्या होड्यांतून तो आशियाच्या पूर्वेच्या टोकाला वळसा घालून गेला. आशिया आणि अमेरिका जोडलेल्या नाहीत, हे त्याने केलेल्या प्रवासानेच सिद्ध झालं. बरोबर निघालेल्या बहुतेक होड्या बुडाल्या. त्याने अहवाल लिहिला, तो याकुत्स्कच्या दफ्तरात पडून राहिला. बेरिंगला तोच प्रश्न सोडवायला 1725 मध्ये पाठवलं, कारण राजधानीत कोणाला माहीतच नव्हतं. 1736 मध्ये म्युलर नावाच्या इतिहासकाराला ते कागद सापडले. म्हणजे ज्ञान होतं, लिहिलेलंही होतं, फक्त योग्य टेबलावर नव्हतं. आमच्या कवींचं आज तेच आहे.

मामा : मग आकडे दे ना! तू माझंच म्हणणं मांडते आहेस. देझनेवचा कागद टेबलावर असता तर बेरिंगची एक मोहीम वाचली असती.

भाची : मामा, आता वाढवणचं बोलू.

त्याआधी कव म्हणजे नेमके काय, हे किनाऱ्यापासून दूरच्या वाचकासाठी सांगायला हवे. डोल जाळे हे तोंड उघडे ठेवून भरती-ओहोटीच्या ओढीला लावलेले मोठे पिशवीजाळे. ओढ येते, मासळी आत जाते. ते बांधण्यासाठी समुद्राच्या तळात खुंट ठोकतात. ही जागा म्हणजे कव. ती पिढ्यान्‌पिढ्या एका घराकडे किंवा गटाकडे असते. दुसऱ्याच्या कवीवर खुंट मारणे हे दुसऱ्याच्या शेतात नांगर घालण्यासारखे मानतात. गावपंचायती आणि संस्था यांवरची भांडणे सोडवतात. पालघर-डहाणूच्या बाजूचे आणि वसई-उत्तनच्या बाजूचे मच्छीमार यांच्यात कवींचा वाद कित्येक वर्षांचा आहे. बोटी बोटींना भिडल्या आहेत, बैठका झाल्या आहेत.

भाची : जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला मंजुरी दिली. 30 ऑगस्टला पालघरमध्ये भूमिपूजन. खर्च सुमारे 76,200 कोटी. समुद्रात भर घालून 1,448 हेक्टर जमीन करणार. आणि जागा का निवडली? तुमच्या नकाशावरून. किनाऱ्याजवळ वीस मीटर नैसर्गिक खोली. मोठ्यात मोठं कंटेनर जहाज लागेल.

मामा : खोली आहे, म्हणून लिहिली. आम्ही ती निर्माण केली नाही.

भाची : नाही केली. पण त्या वीस मीटरच्या आकड्याशेजारी दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. तिथे कोणाच्या कवी आहेत, खडकात शेवंड आहे, घोळ-दाढ्याचा वावर आहे, पापलेट अंडी घालायला कुठे येतं. नकाशा बघणाऱ्याला तिथे रिकामं पाणी दिसलं. 1998 मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती धर्माधिकारी अध्यक्ष असताना, ह्याच जागेचं बंदर नाकारलं होतं. तेव्हा लोकांनी तोंडी सांगितलेलं ऐकलं गेलं. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. मधल्या पंचवीस वर्षांत खोलीचे आकडे अधिकाधिक बारीक झाले, आमचं सांगणं मात्र तोंडीच राहिलं.

मामा : म्हणजे दोष लिहिण्यात नाही, अर्धं लिहिण्यात आहे.

भाची : आणि अर्धं कोणी ठरवलं? ज्याच्या पैशाने मोजणी झाली त्याने. पोर्तुगीजांना बंदर हवं होतं, रशियाला करवाटा, नौदलाला पाणबुडीची वाट, आता कंटेनरवाल्यांना वीस मीटर. कोळ्याच्या पैशाने कधी सर्वेक्षण नौका निघाली नाही.

मामा : तारापूर अणुवीज केंद्राच्या वेळीही हेच झालं, मला आठवतं.

भाची : हो. 1969 मध्ये पहिली दोन युनिटं. पुढे तिसऱ्या-चौथ्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावंच उठली. किनाऱ्यासमोरचा पट्टा मासेमारीला बंद झाला. तो बंद पट्टा नकाशावर लगेच आला, हं. त्याच्या आत कोणाचं जाळं होतं, ते आलं नाही.

इथे मामा हरले असे वाटेल. पण त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा अजून यायचा आहे, आणि तो भाचीला टोचणारा आहे.

मामा : मग मला एक सांग. तुम्ही आकडे लपवता कोणापासून? बंदरवाल्यांपासून? त्यांना जागा आधीच मिळाली. तुम्ही लपवता वसईवाल्यांपासून, पर्ससीनवाल्यांपासून, शेजारच्या गावापासून. रशियाच्या झारने 1619 मध्ये सायबेरियातल्या मंगाझेया या व्यापारी शहराचा समुद्रमार्ग बंद केला. त्या मार्गाने उत्तर रशियाच्या किनाऱ्यावरचे पोमोर लोक पिढ्यान्‌पिढ्या व्यापाराला जात होते. परक्या इंग्रज-डचांना वाट कळेल म्हणून आपल्याच माणसांना देहदंडाची भीती घालून वाट बंद. परिणाम? परके आले नाहीत, पण पोमोरांचं वाटेचं ज्ञान मेलं. मंगाझेया शहर पन्नासेक वर्षांत ओस पडलं. लपवलेलं ज्ञान टिकत नाही. ते माणसाबरोबर जातं. तुझ्या आजोबांच्या किती कवींच्या खुणा तुला माहीत आहेत?

भाची : सगळ्या नाहीत.

मामा : आणि गुप्तता राहते असंही नाही. देलिल नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत होता. रशियाचे गुप्त नकाशे त्याने उतरवून पॅरिसला नेले आणि 1752 मध्ये बेरिंगच्या शोधांचा नकाशा छापला, तोही चुकांसकट. रशियाला मग स्वतःचा बरोबर नकाशा छापून उत्तर द्यावं लागलं. तुमच्या कवी आज मोठ्या ट्रॉलरवाल्यांना माहीत नाहीत असं समजू नकोस. त्यांच्याकडे सोनार आहे. माहीत नाही ते फक्त पर्यावरण खात्याला आणि न्यायालयाला.

भाची : हे मला लागलं मामा.

मामा : लागू दे. आता उपाय बघ. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून किनारा व्यवस्थापन आराखड्यावर मासेमारीची क्षेत्रं आणि माशांच्या प्रजननाच्या जागा स्पष्ट दाखवायच्या असं म्हटलं आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचं पाणीही त्या नियमनात येतं. तुमच्या ज्या कवी त्याच्या आत आहेत त्या दाखवायचा हक्क तुम्हाला कायद्यानेच आहे. मागितला का कोणी?

भाची : काही संस्थांनी मागितला. कोळीवाड्यांच्या हद्दी, मासे सुकवायच्या जागा, बोटी ओढायच्या जागा यांसाठी लोक भांडलेत. समुद्रातल्या कवींपर्यंत फार थोडे पोहोचलेत. कारण तुम्ही सांगितलंत तेच. एकमेकांवर विश्वास नाही.

मामा : मग दोन नकाशे कर. एक संस्थेच्या कपाटात. एकेका कवीचा बिंदू, मालकाचं नाव, आजोबांच्या खुणा, सगळं. तो बाहेर द्यायचा नाही. दुसरा सरकारला. त्यात बिंदू नाहीत, पट्टे. इथून इथपर्यंत डोल जाळ्यांचं पाणी, इथे पापलेटचं, इथे शेवंडीचे खडक, या महिन्यांत. पट्टा पुरतो. बंदराचा भराव पट्ट्यावर येतो की नाही, एवढं न्यायालयाला दाखवता येतं. आणि वसईवाल्याला तुझ्या एका खुंटाचा पत्ताही कळत नाही.

भाची : आणि पट्ट्याखाली नाव कोणाचं?

मामा : म्हणजे?

भाची : कास्त्रुच्या पुस्तकात वाटाड्याचं नाव नाही. चेल्युस्किनच्या टोकावर घसरगाडी हाकणाऱ्याचं नाव नाही. आमच्या नकाशावर ज्या तांडेलांनी जागा सांगितल्या, त्या गावांची नावं लिहायची. दातिवरे, कोरे, एडवण, मथाणे. हे मान्य असेल तर आकडे देते.

मामा : लिही. पहिल्या ओळीत लिही.

मी या दोघांच्या मधोमध उभा राहू शकत नाही. माझा कल भाचीकडे आहे. आपल्या किनाऱ्याच्या मोजणीचा इतिहास पाहिला तर 1538 पासून आजपर्यंत समुद्र मोजणाऱ्याने तिथे राहणाऱ्या माणसाचे ज्ञान घेतले आणि त्याचे हित मात्र कागदावर आणले नाही. उत्तर ध्रुवाकडच्या त्या दहा वर्षांतही हेच झाले, फक्त तिथे मोजणारा स्वतःही बर्फात मेला. चेल्युस्किनचा ओंडका मला आदराने आठवतो, पण त्याने वाढवणचा प्रश्न सुटत नाही.

तरी मामांनी शेवटी सांगितलेली गोष्ट टाळता येणार नाही. तोंडी हक्क आता पुरत नाही. वैतरणेच्या मुखातला दांडा सरकतो, एडवण-दातिवऱ्याचा किनारा समुद्र खातो आहे, वाढवणच्या भरावामुळे उत्तरेकडचे पाणी, गाळ आणि ओढ बदलण्याची शक्यता आहे. बदल मोजायचा तर आधी काय होते ते लिहिलेले हवे. आज कोणत्या महिन्यात, किती वाव पाण्यात, कोणत्या कवीत काय मिळते, याची नोंद नसेल, तर दहा वर्षांनी नुकसान झाले हे सांगायला आपल्याजवळ काहीही नसेल. सर्वेक्षण नौकेवरचा बहुकिरणी सोनार तळाचा उंचसखलपणा काढतो; मासळी कुठे येते हे फक्त जाळे टाकणारा सांगू शकतो.

म्हणून सफाळे-केळवे-तारापूर पट्ट्यातल्या मच्छीमार सहकारी संस्थांना, आणि ज्यांची मुलेमुली आता भूगोल, संगणक, सर्वेक्षण शिकताहेत त्या घरांना, विनंती आहे. म्हाताऱ्या तांडेलांकडे यंदाच्या पावसाळी बंदीत बसा. जून-जुलै हे दोन महिने बोटी किनाऱ्यावर असतात आणि माणसे घरी असतात. त्यांच्याकडून कवींच्या खुणा, पाण्याची खोली, महिने आणि मासळी लिहून घ्या. आतला नकाशा संस्थेत ठेवा, पट्ट्यांचा नकाशा ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकारी कार्यालयात आणि किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.